सावलीतले तापमान

उन्हाळी कांद्याच्या दिवसांत पारनेर तालुक्यातल्या मजूर बाया दिवस उगवायलाच वावरात असतात. दहानंतर ऊन सोसत नाही. पण काम उक्ते असते, म्हणून उठता येत नाही. संध्याकाळी बातम्यांत जिल्ह्याचे तापमान 41 अंश सांगितले जाते. हा आकडा खोटा नसतो. प्रश्न एवढाच, की तो कुणाचा असतो?

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. त्याच्यावर थेट ऊन पडू नये ही शास्त्राची अट आहे आणि ती रास्त आहे; त्याशिवाय ठिकठिकाणच्या नोंदी ताडून पाहता येणार नाहीत. परंतु याचा अर्थ असा, की आपण ऐकतो ते सावलीतले तापमान. कांदे काटणाऱ्या बाईला वरून ऊन आणि खालून तापलेली माती. मैदानी भागात पारा निदान 40 अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, की उष्णतेची लाट मानतात. वावरात ती त्याआधीच पोचलेली असते.

ऊन आणि पाऊस ही दोन वेगळी संकटे नव्हेत. जमीन तापली की हवेचा दाब घटतो आणि समुद्रावरचे बाष्प आत ओढले जाते. हवा एक अंशाने तापली, तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. हे बाष्प एकदम कोसळते. 1901पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण मार्च 2022चा ठरला आणि सर्वांत ओला मे 2025चा. त्या मे महिन्यात देशात सरासरी 126.7 मिलिमीटर पाऊस पडला, नेहमीच्या दुपटीहून अधिक. एरवी 11 जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मोसमी पाऊस 26 मेलाच आला.

आपला तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. येथे पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. तरी त्या मे महिन्यात राज्यात ठिकठिकाणी काढलेला कांदा वावरातच भिजला. शेतकऱ्याचे नुकसान खरेच आहे. त्याचा पंचनामा झालाच पाहिजे. पण पिकाचा पंचनामा सातबारा पाहून होतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीला त्यात रकाना नाही. गावकुसाबाहेरच्या ज्या घरांवर उन्हाळाभर पत्रा तापला, त्याच घरांत पावसाचे पाणी शिरते. निसर्ग जात पाहत नाही, हे खरे. वस्तीची जागा मात्र निसर्गाने ठरवलेली नाही.

माझी आजी 1972च्या दुष्काळात खडी फोडायला होती. सुकडी खाऊन तिने दिवस काढले. त्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 1979पासून अमलात आला. दुष्काळात मदत मागणारा माणूस कामाचा हक्क मागू लागला, हे त्याचे मोल. आज त्याच्या पुढची मागणी करावी लागेल : उन्हामुळे किंवा पावसामुळे थांबलेल्या दिवसाची मजुरी, कामावर सावली आणि पिण्याचे पाणी.

त्यासाठी पुरावा लागेल. आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत एक वही करावी. काम किती वाजता सुरू झाले, केव्हा थांबले, पाणी किती लांब होते, किती खाडे पडले, हे रोज लिहावे. सावलीतल्या तापमानाची नोंद सरकार ठेवते. उन्हातली आपल्यालाच ठेवावी लागेल.