गाय शिकते, पोर शिकते

पहाटेची वेळ आहे. घरची बाई बादली घेऊन गोठ्यात शिरते. बादलीची कडी वाजते. गाय कान टवकारते. अजून कासेला हात लागलेला नाही. वासरूही सोडलेले नाही. तरी गाय पान्हवू लागते. असे का होते?

पहिल्या दिवशी गाय असे करत नव्हती. वासराने ढुशी दिली म्हणजेच ती पान्हा सोडी. पण रोज आधी बादली वाजे. मग वासरू येई, धार निघे. रोज तेच, रोज त्याच वेळी. गाईच्या मनात दोन्हींची गाठ पडली. बादली वाजली, म्हणजे आता धार! हा धडा तिला कोणी दिला नाही. ती आपोआप शिकली.

आता याच गोठ्यात धारेच्या वेळी कोणी रोज काठी उगारली तर? गाय त्या माणसाला पाहताच बिचकेल. पान्हा चोरील. हेही शिकणेच आहे, बरे का!

कुत्रा आणि आवाज

रशिया देशात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. अन्न कसे पचते याचा त्यांनी अभ्यास केला. त्यासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला लाळ किती सुटते, हे ते थेंब मोजून पाहत. तोंडात खाणे पडले की लाळ सुटते, यात नवल नाही. पण खाणे आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटू लागली. मग पावलोव्हांनी मुद्दाम आधी एक ठराविक आवाज करून मग खाणे दिले. असे पुष्कळदा केले. पुढे नुसत्या आवाजानेच लाळ सुटू लागली.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आवाज करायचा, पण खाणे द्यायचे नाही, असे वरचेवर केले. तेव्हा लाळ हळूहळू कमी झाली. म्हणजे मनात पडलेली गाठ सैलही करता येते. एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

नंदीबैल

आमच्या लहानपणी शेवगावकडे दारोदार नंदीबैल येई. अंगावर झूल, शिंगांना गोंडे. गुबुगुबू वाजे. मालक विचारी, "यंदा पाऊस पडेल का?" बैल मान डोलावी. बायका सुपातून धान्य आणीत.

बैलाला पाऊस कळतो का? नाही. त्याला मालकाची खूण कळते. कासरा जरा हलला, वाद्याचा ठेका बदलला, की मान हलवायची. खूण बरोबर ओळखली की चाऱ्याचा घास, पाठीवर थाप. ज्या करण्याने घास मिळतो, ते जनावर पुन्हा करते. ज्या करण्याने मार बसतो, ते टाळते.

माणसाचेही असेच आहे. पोर रडले, हट्ट केला, आणि आपण लगेच खाऊ दिला. मग पोर काय शिकले? रडले की खाऊ मिळतो! खाऊ आपणच दिला. धडाही आपणच दिला.

आमच्या छडीची गोष्ट

आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली. सुरुवातीला आमच्या हातात छडी असे. पाढा चुकला की छडी. एक पोरगा होता. सात आणि आठचा पाढा त्याला येईना. रोज मार बसे. पुढे शाळेची घंटा झाली की त्याचे पोट दुखू लागले. आम्हाला वाटले, सोंग करतो. चौथीत त्याने शाळा सोडली.

तीस वर्षांनी तो रात्रीच्या वर्गात आला. आम्हाला पाहिले आणि त्याचा हात थरथरू लागला. डोक्याचे केस पांढरे होत आलेले, तरी हात थरथरत होता! तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही त्याला पाढे शिकवत होतो. तो मात्र भीती शिकला.

मग आम्ही काय केले? आठ दिवस पाटीला हात लावला नाही. नुसता चहा आणि पीकपाण्याच्या गप्पा. मग त्याच्या मुलीचे नाव लिहून दाखवले. मग कापसाच्या वजनाची पावती वाचायला घेतली. चुकला तर कोणी हसायचे नाही, असा वर्गाचा नियम केला. पाटी आली पण मार आला नाही, असे रोज घडले. गाठ सैल झाली. आता तो पावती स्वतः वाचतो. सही करतो. वजनाचा आकडा तपासतो.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. शाळेत मुलांना मारायला त्याने बंदी घातली आहे. हे चांगले झाले. पण घरात छडी कोण बंद करणार? ती आपणच करायची.

पाहून शिकणे

शिकण्याची आणखी एक वाट आहे. आमच्या तालुक्यात कापूस होतो. वेचणीच्या वेळी आई बोंडातून कापूस कसा ओढते, काडीकचरा कसा टाळते, हे पोरगी बघते. आणि तसेच करते.

अमेरिकेत बांडुरा नावाच्या अभ्यासकांनी १९६१ साली एक प्रयोग केला. मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला मारते आहे, असे लहान मुलांना दाखवले. मग मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडले. पुष्कळ मुलांनी तसेच ठोसे मारले. तसेच शब्द तोंडातून काढले. ज्यांनी ते मारणे पाहिले नव्हते, त्यांनी असे फार थोडे केले.

बाप तंबाखू मळत मळत पोराला सांगतो, "तंबाखू वाईट, खाऊ नको." पोराचे कान शब्दाकडे असतात. डोळे तळहाताकडे असतात. बहुधा डोळेच जिंकतात.

पण लहानांनीच मोठ्यांकडून शिकावे, असे काही नाही. जपानमध्ये कोशिमा नावाचे बेट आहे. तेथे अभ्यासक माकडांना किनाऱ्यावर रताळी टाकीत. १९५३ साली एका लहान माकडीणीने वाळू लागलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले. तिच्या सोबत्यांनी ते उचलले. तिच्या आईनेही उचलले. पुढे कळपात पुष्कळ जण रताळी धुऊ लागले. मोठे नर मात्र बहुतेक तसेच राहिले. त्यांच्या दाताखाली वाळू करकरतच राहिली.

मंडळी, आपले पोर संध्याकाळी कंदिलाखाली किंवा दिव्याखाली वाचत बसते. त्याच्याजवळ बसा. अडलेले अक्षर त्याला विचारा. त्यात लाज नाही. आपले वाचणे तेही पाहत असते.

सांगा पाहू

१. गाय कोणाला पाहून पान्हा चोरते? का?
२. आपले पोर आपल्याकडे पाहून कोणती चांगली गोष्ट शिकले? कोणती वाईट?
३. आज घरी पोराला कोणते अक्षर विचाराल?