वारेत दबा धरून बसलेला हिवताप

पिंपाचं झाकण बाजूला करा आणि पाण्यावर टॉर्च मारा. पृष्ठभागालगत आडव्या, सपाट पडलेल्या बारीक अळ्या दिसल्या तर त्या अ‍ॅनाफिलीसच्या. डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील तर दुसऱ्या जातीच्या. शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी गटारात नव्हे, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. भिवंडीत यंत्रमागांच्या आसपासच्या खोल्यांमध्ये पाणी भरून ठेवल्याशिवाय दिवस निघत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबं तिथे राहतात आणि त्यात पहिलटकरणीही असतात.

अशा बाईला थंडी वाजून ताप आला की घरचे म्हणतात, दिवस गेलेत, एवढी कणकण असायचीच. ही समजूत फार महागात पडते. त्याचं कारण वारेत आहे.

वार साधारण अर्ध्या किलोची. बाळाच्या रक्तवाहिन्यांचे असंख्य झुबके तिच्यात आईच्या रक्ताच्या तळ्यात सोडलेले असतात, विहिरीत उतरलेल्या वडाच्या मुळांसारखे. दोघांचं रक्त मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न पलीकडे जातं. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी चिकट करतो. रक्ताबरोबर वाहत प्लीहेत गेलं तर तिथे गाळलं जाण्याची भीती, म्हणून तो कडेला चिकटून राहतो. गर्भारपणात त्याला चिकटायला नवी जागा मिळते. मिशल फ्राइड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी केनियातल्या बाळंतिणींच्या वारा तपासून 1996 साली दाखवलं, की या पेशी वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला धरून बसतात. त्यासाठी जंतू वापरतो ते प्रथिन, व्हार-टू-सीएसए, कोपनहेगनच्या अली सलांती यांच्या गटाने 2003 मध्ये ओळखलं. म्हणूनच बोटातून काढलेल्या रक्ताची काचपट्टी कधी कधी कोरी निघते आणि वार मात्र जंतूंनी भरलेली असते.

पण बाळाचं वजन घटतं ते एकट्या जंतूमुळे नाही. वारेत पेशी अडकल्या की आईच्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात आणि दाह सुरू होतो. केनियातल्या किसुमूमधल्या स्त्रियांच्या वारेतलं रक्त तपासताना ज्युली मूर या प्रतिकारशास्त्रज्ञ बाईंना आढळलं, की इंटरफेरॉन-गॅमा जास्त बनवणाऱ्या पेशी असल्या तर वार हिवतापापासून बचावते. त्याच्या जोडीचं टीएनएफ हे रसायन वाढलं, की बाळ कमी वजनाचं जन्मण्याशी त्याचा संबंध दिसतो. मूर यांच्या प्रयोगशाळेत हिवताप झालेल्या उंदरिणींचे गर्भ पडत होते. टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड दिल्यावर ते गर्भारपणाच्या मध्यापर्यंत तरी तगले. म्हणजे बाळाला वाचवायला उभी राहिलेली फौजच त्याचं अन्न तोडते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आफ्रिकेतल्या दाट हिवतापाच्या भागात पहिल्या खेपेला हा त्रास सर्वांत जास्त. पुढच्या खेपांना व्हार-टू-सीएसएविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात. या प्रथिनावर आधारलेल्या लसींच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या आहेत. आपल्याकडे हिवताप विरळ, त्यामुळे शरीराला तो सराव होत नाही आणि तिसऱ्या खेपेची बाईही निर्धास्त राहू शकत नाही.

शिवाय आपल्या शहरांत व्हायव्हॅक्स जातीचा हिवतापही मोठा. तो वारेत तसा दाटत नाही, तरीही आईचं रक्त आणि बाळाचं वजन दोन्ही घटवतो. यकृतात लपून महिन्यांनी पुन्हा उठतो. लपलेल्याला मारणारं प्रायमाक्विन गर्भारपणी देता येत नाही, कारण पोटातल्या बाळात जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता असेल तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मग ताप उतरवायला क्लोरोक्विन, आणि यकृतातला जंतू बाळंतपण होईपर्यंत तसाच. व्हायव्हॅक्स आणि वार यांचं नातं फाल्सिपेरमच्या मानाने कितीतरी कमी उलगडलं आहे, आणि ते उलगडायला आपल्याइतकी जवळची जागा दुसरी कुठली असणार?

असा प्रश्न घेऊन कुणीतरी कापडाच्या गावात यायला हवं, हे मला लूसी विल्स या संशोधक बाईंमुळे वाटतं. 1928 साली त्या मुंबईला आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भार बायकांचं रक्त इतकं का कमी होतं, याचा शोध घेऊ लागल्या. यीस्टच्या अर्काने ते सुधारतं, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुण पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज आशाताई घरी आणून देतात त्या लोहाच्या गोळीत तेच आहे.

गोळी पोहोचते. ताप आला त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, हा निरोप तितक्या खात्रीने पोहोचत नाही. आणि रुग्णालयात बाळंतपण झालं, की जिच्यात सगळी लढाई झाली ती वार पिवळ्या पिशवीत बांधून जाळायला जाते.