दुसऱ्याच्या लेखणीतून आपले गाव

आपले छायाचित्र दुसऱ्याने काढले, म्हणजे ते हाती येताच मनुष्य प्रथम स्वतःचा चेहरा शोधतो. आणि तो वेडावाकडा आला असल्यास छायाचित्रकारावर रागावतो. गावांचेही असेच आहे. बाहेरची वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी आपल्या गावाविषयी जे सांगतात, ते ऐकून गावकऱ्यांनी काय करावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वरोर हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. दक्षिणेस चिंचणी, उत्तरेस वाढवण. या पट्ट्यात मासेमार आहेत, बागायतदार आहेत, आणि दागिन्यांचे साचे घडविणारे कुशल डायमेकरही आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे वाढवणच्या समुद्रात मोठे बंदर बांधण्याचे ठरले व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्या निमित्ताने या किनाऱ्याविषयी बाहेर पुष्कळ लिहिले गेले. कोणास येथे केवळ खोल समुद्र व मोकळा किनारा दिसला. कोणास दिसली ती भोळी, अजाण माणसे. पहिल्या चित्रात माणसेच नाहीत. दुसऱ्यात माणसे आहेत, पण त्यांस विचारशक्ती नाही. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु ज्यांच्या अंगणातून तो रस्ता जावयाचा, त्यांस ही दोन्ही चित्रे अपुरी वाटली तर नवल नाही.

स्तुतीचे चित्रही कधी कधी अपुरे असते. वारली स्त्रिया लग्नसमयी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हा सर्वांच्याच अभिमानाचा विषय होय. तथापि बाहेरच्या पुष्कळांच्या मनात वारली मनुष्य म्हणजे तारप्याभोवती नाचणारी एक पांढरी आकृती, एवढेच उरले. तो शेतात राबतो, कारखान्यात जातो, शाळेत शिकवितो, हे त्या आकृतीत दिसत नाही.

आता एक दुःखद गोष्ट. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, याच तालुक्याच्या पूर्व भागात गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. देशभर ही घटना पालघरच्या नावाने ओळखली गेली. काहींनी तीस धर्मवैराचा रंग दिला. तेव्हा अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांस जाहीर करावे लागले. एका जमावाच्या अपराधासाठी साऱ्या जिल्ह्यास दोषी धरू नये, ही येथील लोकांची तक्रार रास्तच होती. पण ती हत्या मुळात झाली कशामुळे? मुले पळविणारे चोर फिरत आहेत, या अफवेमुळे. म्हणजे बाहेरच्या माणसाचे एक खोटे चित्र आपल्याच लोकांनी मनाशी रंगविले होते, आणि त्यापायी तीन जीव गेले. न पाहता, न विचारता दुसऱ्याविषयी मत बनविण्याचा जो दोष आपण बाहेरच्यांस लावतो, तोच येथे आपल्या घरात सापडतो.

मग निंदा ऐकली असता काय करावे? १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी ‘मदर इंडिया’ हे भारताची निंदा करणारे पुस्तक लिहिले. देशभर संतापाची लाट उसळली. महात्मा गांधींनी त्या पुस्तकास गटारांची तपासणी करणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली. परंतु भारतीयांनी ते वाचून आपले दोष ओळखावेत, असेही त्याच लेखात सांगितले. खोटे ते नाकारावयाचे आणि खरे ते कडू असले तरी घ्यावयाचे, हा मार्ग कठीण खरा, पण मानाचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावाविषयी काही वाचाल, तेव्हा एवढे विचारा : लिहिणारा येथे किती दिवस राहिला? तो कोणाशी बोलला? कोणास त्याने वगळले? आणि त्याने लिहिलेले जे आपल्याला झोंबले, त्यात काही तथ्य आहे काय? मग स्वतः लेखणी हाती घ्या. आजीस विचारून गावातील विहिरींची नावे लिहा, मासे सुकविण्याची रीत लिहा, साचा कोरणाऱ्याच्या हाताचे कसब लिहा. पालकांनीही मुलांस ही माहिती हौसेने सांगावी. आणि उद्या गावात अनोळखी पाहुणा आला, तर त्याच्याविषयी कुजबुजण्यापूर्वी हेच प्रश्न स्वतःस विचारा. दुसऱ्याने आपल्यास ज्या मापाने मोजावे असे आपणांस वाटते, ते माप आधी आपल्या हाती असले पाहिजे.