क्रिएटिनचा डबा

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका पांढऱ्या भुकटीच्या डब्यावरून दोन दिवस अबोला होता. महाविद्यालयात शिकणारा नातू नियमित व्यायामशाळेत जातो. त्याने क्रिएटिन मागवले. हे द्रव्य मांसात असते, असे सौभाग्यवतींच्या कानावर आले आणि "हा डबा माझ्या स्वयंपाकघरात नको," असे त्यांनी निक्षून सांगितले. "आजोबा, आजीला तुम्हीच समजवा," म्हणत नातू माझ्याकडे आला. बँकेत आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासल्यामुळे कागद पाहिल्याशिवाय मत देण्याची मला सवय नाही.

आजीचा आक्षेप निराधार नव्हता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये हे द्रव्य मांसातूनच वेगळे केले आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. मात्र आज बाजारात मिळणारे क्रिएटिन मोनोहायड्रेट कारखान्यात सार्कोसिन व सायनामाइड या रसायनांपासून तयार होते. त्यासाठी मांस लागत नाही. खरी सावधगिरी कॅप्सूलबाबत हवी. तिचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. म्हणून स्वादरहित भुकटीच घ्यावी. डब्यावरील हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहूनच.

आता त्याचे कार्य. स्नायूंना शक्ती पुरवणारे एटीपी हे गल्ल्यातील रोकडीसारखे असते. जोराच्या श्रमात ते काही क्षणांत संपते. स्नायूंत साठलेले क्रिएटिन ही शेजारची राखीव थैली. ती गल्ला लगेच भरून देते. त्यामुळे वजने उचलणे, जोराने धावणे अशा अल्पकाळच्या श्रमांत लाभ होतो. व्यायामच नसेल तर नुसती भुकटी खाऊन स्नायू वाढत नाहीत. आपले शरीर यकृत व मूत्रपिंडांच्या साहाय्याने रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन स्वतःच बनवते. मांसाहारी व्यक्तीला साधारण तेवढेच अन्नातूनही मिळते. आपल्याला ते जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीच्या स्नायूंतील साठा काहीसा कमी असतो. (याचा अर्थ आपल्या पूर्वजांचा आहार उणा होता, असा मुळीच नव्हे. गोण्या उचलणाऱ्या माझ्या आजोबांनी डबा पाहिलाही नव्हता!)

मात्रा दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरे. सुरुवातीला वीस ग्रॅम घेण्याची टूम अनावश्यक आहे. वेळेचे बंधन नाही, म्हणून रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने दिवसा, सूर्यास्तापूर्वी घ्यावे. पर्युषणात वा दशलक्षणात काही दिवस खंड पडला तरी साठा लगेच रिता होत नाही. तो उतरायला काही आठवडे लागतात. आरंभी वजन एखादा किलो वाढते, ते बहुतांशी स्नायूंत धरलेल्या पाण्याचे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. क्रिएटिनपासून शरीरात क्रिएटिनिन तयार होते आणि मूत्रपिंडांची तपासणी याच क्रिएटिनिनवरून होते. भुकटी घेणाऱ्याच्या अहवालात आकडा किंचित चढलेला दिसू शकतो. निरोगी माणसात तो मूत्रपिंड बिघडल्याचा पुरावा नसतो. तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे म्हणजे अकारण धास्ती पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना हे घेऊ नये. मधुमेह व रक्तदाब आपल्या घरोघरी आहेत, त्यांनीही आधी मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी.

सौभाग्यवतींनी भिंग घेऊन डब्यावरील हिरवे चिन्ह स्वतः पाहिले. डबा आता नातवाच्या अभ्यासाच्या मेजावर असतो, स्वयंपाकघरात नाही. पाणी गाळून देण्याचे काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.