काडतुसाची टोपी आणि तिचे हत्यार

अमेरिकेतील जे हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून पुन्हा भरतात, त्यांच्या सरंजामात तळाशी दारू पेटवणारी टोपी बसवणारे हत्यार दिसण्यास क्षुल्लक असले, तरी निवडीचा खरा कस मला तेथेच लागलेला दिसतो; कारण टोपी किंचित वर राहिल्यास घोड्याचा आघात तिला खाली सारण्यातच खर्ची पडून बार फुकट जाण्याचा संभव असतो, आणि हा सूक्ष्म भेद मोठ्या दाबयंत्राच्या लांब दांड्यापेक्षा मुठीत मावणाऱ्या हत्याराच्या तरफेवर बोटांना अधिक स्पष्ट उमगतो. पुनर्भरणी सुकर केली ती १८६६ साली इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांनी योजलेल्या टोपीने: जिच्यावर आघाताने स्फोटक चिरडते ती ऐरण तिच्यातच असते, नळकांड्यास मध्यभागी एकच छिद्र पुरते, त्यातून सुई घालताच जुनी टोपी निघते. नवल हे, की इंग्रजाची ही टोपी अमेरिकेत रुजली आणि त्याच वर्षीची अमेरिकन हायरम बर्डन यांची टोपी युरोपात.