गच्चीवरील वीज आणि तिचें करारपत्र

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकीत होत्या, तेव्हां गिरणीस लागणारी शक्ति गिरणीच्याच आवारांत कोळशावर निर्माण होई. १९१५ सालीं खोपोलीच्या टाटा जलविद्युत्-केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली, आणि अनेक गिरण्यांनीं वाफेचीं यंत्रें थंड करून ती विकत घेतली. स्वतः निर्माण करावें कीं करार करून विकत घ्यावें, हा प्रश्न या शहरास नवा नाहीं. आज तो गिरगांव-दादरच्या गच्च्यांवर सौर फलकांच्या रूपानें उभा आहे.

याविषयींचें सरकारी धोरण मध्यंतरीं अगदीं पालटलें. १९४८ च्या विद्युत्पुरवठा कायद्यान्वयें नवें उत्पादन-केंद्र काढण्यास वीजमंडळाची पूर्वसंमति अवश्य असे. २००३ च्या विद्युत् अधिनियमानें सामान्यतः उत्पादनास परवान्याची गरज ठेविली नाहीं. वितरणास मात्र परवाना लागतोच. म्हणून आपल्या गच्चीवरील वीज तार टाकून शेजारच्या चाळीस विकतां येत नाहीं. सौरविजेच्या मोजणीची रीत महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगानें २०१५ व पुढें २०१९ च्या विनियमांनीं घालून दिली. तदनुसार दिवसा उरलेली वीज बेस्टसारख्या वितरकाच्या तारांत जाते, आणि तितके युनिट आपल्या देयकांतून वजा होऊं शकतात.

खरी सावधगिरी याच्या पुढें आहे. फलक स्वखर्चानें न बसवितां एखाद्या कंपनीस गच्ची द्यावी व तिची वीज वीस-पंचवीस वर्षें ठरल्या दरानें घ्यावी, असाहि एक मार्ग आहे. प्रारंभीं भांडवल लागत नसल्यामुळें तो मोहक वाटतो. परंतु आपल्या भागांतील कित्येक जुन्या इमारती तितकीं वर्षें उभ्या राहावयाच्या नाहींत. पुनर्विकास निघाल्यास फलक कोणीं उतरवावे, उरलेल्या वर्षांची भरपाई कोणीं द्यावी, गच्ची गळूं लागल्यास दुरुस्ति कोणाची, दर प्रतिवर्षीं किती वाढणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळाल्याखेरीज चिटणिसांनीं सही करूं नये. भाड्याच्या चाळींत तर गच्चीवर अधिकार कोणाचा, हाच पहिला प्रश्न. सर्व भाडेकरू एकमत झाले तरी मालकाची संमति गृहीत धरतां येत नाहीं.

योजना त्याज्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र करारपत्र सर्वसाधारण सभेंत मराठींत वाचून दाखवावें, आणि निवृत्तिवेतनावर देयक भरणाऱ्या वृद्ध सभासदांची शंका फिटेपर्यंत सहीचा विषय पुढें ढकलावा. पंचवीस वर्षांच्या करारास एका महिन्याचा विलंब कांहीं फार नव्हे.