समुद्राच्या पोटात गेलेली रसायने

रसायन समुद्राला मिळालं की विरळ होतं आणि विरळ झालं की संपतं, हा समज कारखानदारीइतकाच जुना आहे. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा साफ खोटा. पीएफओएस या रसायनाचंच पाहा. डाग न धरणारे गालिचे, आग विझवायचा फेस अशा कामांसाठी ते अनेक दशकं वापरलं गेलं. त्यातला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट, की ऊन, पाणी किंवा जिवाणू यांच्याने तो सहजी तुटत नाही. अमेरिकेतल्या थ्रीएम या मुख्य उत्पादक कंपनीने 2000 साली त्याचं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं आणि 2009 मध्ये टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याची भर पडली. पण तोवर पाण्यात गेलेलं काही परत आलं नाही.

ते कुठे गेलं, याचं एक उत्तर ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या लॅब्रडॉर समुद्रात मिळतं. दक्षिणेकडून इथे येणारं पाणी मुळातच खारट. हिवाळ्यात कॅनडाकडून सुटणारे बर्फगार वारे त्यातली ऊब काढून घेतात, तसं ते जड होतं आणि बुडू लागतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी खालून तापून वर चढतं. इथे ते वरून गारठून खाली जातं. कडक हिवाळ्यात ही घुसळण दीड-दोन हजार मीटरपर्यंत पोचते. मग हे पाणी अमेरिकेच्या कडेने खोलातून दक्षिणेकडे सरकतं आणि पुन्हा उजेड पाहायला त्याला शतकं लागतात. पीएफओएस पाण्यात विरघळून राहतं, म्हणून पाणी जाईल तिथे तेही जातं. जपानचे नोबुयोशी यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लॅब्रडॉर समुद्रातली या कुळातल्या रसायनांची खोलीनुसार मोजणी प्रसिद्ध केली. वरच्या थरात उत्तर अटलांटिक प्रवाहाची, त्याखाली लॅब्रडॉर प्रवाहाची आणि दोन हजार मीटरच्या खाली डेन्मार्कच्या सामुद्रधुनीवरून ओसंडून येणाऱ्या पाण्याची खूण या रसायनांच्या प्रमाणात वेगवेगळी दिसली. प्रवाह ओळखायला आता कारखान्यातलं रसायन उपयोगी पडतं, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

पीसीबी या दुसऱ्या टिकाऊ रसायनांची वाट निराळी. ती पाण्यापेक्षा कणांना आणि चरबीला चिकटतात. मेलेले जीव आणि विष्ठेचे कण यांच्याबरोबर तळाशी उतरतात. ॲलन जेमिसन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत आमिष लावलेले सापळे सोडून कोळंबीसारखे दिसणारे छोटे जीव पकडले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही जिवांमधलं पीसीबींचं प्रमाण चीनच्या प्रदूषित लिआओ नदीवरच्या भातखाचरांतल्या खेकड्यांच्या 50 पट निघालं. हे जीव सात ते दहा हजार मीटर खोलीवरचे.

यावर कुणी म्हणेल, खोल पाण्यातल्या एका लिटरात अशी रसायने ग्रॅमच्या काही लाख-कोटीव्या भागांइतकीच असतात, मग एवढी काळजी कशाला? काळजी यासाठी, की जिवांच्या अंगात त्यांचा साठा होत जातो. गर्तेतल्या त्या जिवांनी ते दाखवूनच दिलं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाणी बुडतं म्हणून पीएफओएस वरच्या थरातून निघून जातं आणि आर्क्टिकपर्यंत कमी पोचतं, हे आपल्या फायद्याचंच नाही का? काही अंशी आहे, हे मान्य करायला हवं. पण हवामानबदलामुळे अटलांटिकचं हे अभिसरण या शतकात मंदावण्याची दाट शक्यता आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने वर्तवली आहे. ते मंदावलं तर या मार्गाने खाली जाणारं वरच रेंगाळेल. शिवाय वरचं वर राहत नाही. लाटा फुटताना उडणाऱ्या तुषारांत पीएफओएसच्या कुळातली रसायने समुद्राच्या पाण्याच्या हजारो पट दाट होऊन हवेत येतात, हे स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. ज्याला आपण विल्हेवाट समजतो, ती फक्त जागेची अदलाबदल असते.

म्हणून बांध घालायचा तो कारखान्याच्या नळाशी. हा प्रश्न आता कोकणाच्या दारात आहे. इटलीतल्या विचेंझाजवळचा मितेनी कारखाना पीएफओएसच्याच कुळातली रसायने बनवत होता. त्याने तिथलं भूजल नासवलं, 2018 मध्ये तो दिवाळखोरीत बंद पडला आणि 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली आहे. लोट्याचं सांडपाणी दाभोळच्या खाडीला मिळतं आणि खाडी अरबी समुद्राला. या किनाऱ्यावर पाणी लॅब्रडॉरसारखं खोल बुडत नाही. खाडीतून जे वाहून येईल ते मासळीच्या थरातच फिरत राहील. तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीचं पाणी, गाळ आणि मासळी यांत या रसायनांची चाचणी आत्ताच करावी आणि आकडे दाभोळ खाडीच्या मच्छीमारांसमोर ठेवावेत.